इंजिनाची चौकशी

सोमवार, ६ नोव्हेंबर

भुंग्यास,

आशीर्वाद नंतर. आधी प्रश्न. इंजीन आमच्याकडेच का पाठवलंस?

इंजिनांची चाचणी करणाऱ्या संस्था काही कमी नाहीत. एक तर तुझ्याच शहरात आहे, तुझ्या कारखान्याच्या पाठीला पाठ लावून. ती सोडून तू ते धूड ट्रकवर लादलंस आणि दिवसभराचा प्रवास करून माझ्या दारात आणून उतरवलंस. तीन वर्षं माझा फोन न उचलणारा भाऊ इंजीन मात्र माझ्या हवाली करतो, तेव्हा माझ्या डोक्यात काय काय येत असेल याची कल्पना कर. किंवा नको करूस, मीच सांगते. एक, तुला वाटतं ताई आहे, पदरात घेईल. दोन, तुला वाटतं ताई आहे, नापास करेल, आणि मग चार लोकांत सांगता येईल की बघा, सख्खी बहीण कशी वागली. तिसरं कारण मला अजून सापडलेलं नाही. सापडेल.

मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हा माझा सख्खा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "गॅसची इंजिनं तुमच्याशिवाय इथे कळतात कोणाला? आणि मॅडम, तुमच्याकडून सख्ख्या भावाला सवलत मिळेल अशी भीती आजवर कोणी बोलून दाखवलेली नाही." हे कौतुक होतं की टोमणा, याचा मी अजून विचार करते आहे. वर म्हणाले, "जरा सांभाळून घ्या." हे शब्द त्यांच्या तोंडात कोणी घातले?

तू स्वतः ट्रकबरोबर आलास. खाली उतरलास आणि मला "नमस्कार मॅडम" म्हणालास. लहानपणी तोंडाने इंजिनाचा आवाज काढत माझ्याभोवती गिरक्या घालायचास, म्हणून तुझं नाव भुंगा मी ठेवलं, माझं फौजदार तू ठेवलंस, आणि आता मी मॅडम. बरं. पण इंजीन उतरवून झाल्यावर तू आमच्या धूर मोजायच्या यंत्रापाशी खिशात हात घालून बराच वेळ उभा होतास. साखरेच्या डब्यापाशीही तू असाच उभा राहायचास. तिथे काय बघत होतास?

हे पत्र रजिस्टरने पाठवते. साध्या टपालाचा मला भरवसा नाही, आणि तू "मिळालंच नाही" म्हणशील याची खात्री आहे.

ताई


शुक्रवार, १७ नोव्हेंबर

भुंग्या,

पत्राचं उत्तर नाही. पोचपावती आली, तिच्यावर सही तुझ्या बायकोची. म्हणजे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं की तिच्यापर्यंतच, हे आता कोणाला विचारायचं?

साध्या गॅसवरची चाचणी आटोपली. इंजीन गुणी आहे, ते कबूल करते. गॅसमधल्या शंभर भाग उष्णतेतले चौतीस भाग कामाला येतात, बाकीचे धुरात आणि पाण्यात जातात. या आकाराच्या इंजिनाला हे अगदी रास्त आहे. धुराचे आकडेही जिथे असायला हवेत तिथेच आहेत.

काल तुझे हायड्रोजन मिसळलेल्या गॅसचे सिलिंडर आले. पाचात एक भाग हायड्रोजन. तुझी पाइपांची जोडणीही आली, आणि ती पाहून माझं डोकं उठलं. हायड्रोजन कुठल्याही फटीतून निसटतो, तुझ्यासारखाच. खोलीत गळती ओळखणारा एक अलार्म आहे, पण तो पार छताच्या कोपऱ्यात. मी दुसरा मागवला आणि इंजिनाच्या डोक्यावर लावून घेतला. वायरमनला बजावलं, हा एक क्षणही बंद पडता कामा नये, वायरींची लोंबकळ चालणार नाही, एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा. साहेब म्हणाले, एक पुरला असता. मी म्हटलं, पाइप माझे असते तर पुरला असता.

परवा आईने फोनवर विचारलं, हे हायड्रोजन प्रकरण आहे तरी काय. तू तिला सांगून ठेवलं आहेस की या इंजिनाच्या धुराड्यातून नुसतं पाणी येतं. तेच वाक्य तिने मला ऐकवलं, तुझ्याच चालीत. मी तिला सांगितलं, आई, हायड्रोजनला घाई फार. तो मिसळला की गॅस भरभर आणि पुरता जळतो, म्हणून काजळी आणि अर्धवट जळलेला धूर कमी होतो, गॅसही कमी लागतो. इथवर भुंग्याचं खरं. पण भरभर जळलं की आतली आच वाढते. आणि आच फार वाढली की हवेतला नायट्रोजन, जो एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, तोही ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. त्यातून जे तयार होतं त्याला आम्ही नॉक्स म्हणतो. आई, तुझ्यासारखी नाजूक छाती असलेल्या माणसाला ते चांगलं नाही. ते टाळायचं तर ठिणगी जरा उशिरा पाडायची आणि हवा जास्त सोडायची. मग नॉक्स कमी होतो, पण गॅसची बचतही थोडी कमी होते.

आई म्हणाली, "म्हणजे तोकडं पांघरूण. डोक्यावर घेतलं की पाय उघडे." आमच्या संस्थेत तिला घ्यायला हवं होतं.

आता तुझ्याबद्दल. ठिणगीची वेळ तू कुठे ठेवली आहेस ते मी पाहिलं. साध्या गॅसला होती तिथेच, बचतीचा आकडा गुबगुबीत दिसावा म्हणून. तेव्हा नॉक्स वाढणार. मी हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ताईने आकडा बघून बोट दाखवलं.

ताई


मंगळवार, २८ नोव्हेंबर

भुंग्या,

नॉक्स वाढला नाही. साध्या गॅसपेक्षाही कमी आला. आणि बचत? चौतिसाच्या जागी सदतीस. एवढा चांगला आकडा मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही, आणि चांगल्या आकड्याला मी किती घाबरते हे तुला माहीत आहे.

मला आधी वाटलं, सिलिंडरमध्ये हायड्रोजनच नसेल, तू साधाच गॅस भरून रंगवून पाठवला असशील. एका सिलिंडरातला नमुना मी बाहेर तपासायला दिला, तुला न विचारता. बरोबर पाचात एक निघाला. मग वाटलं, ठिणगीची वेळ इंजिनावरचा तुझा कंट्रोलचा डबा एक सांगतो आणि इंजीन दुसरीच पाळतं. चाकावर खूण करून, लुकलुकणारा दिवा धरून मी स्वतः पाहिलं. तेही जुळलं. मग चाचणी पुन्हा घेतली. मग आणखी एकदा, सगळ्यांना बाहेर काढून. आकडा तोच.

एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, तीही लिहिते. धूर मोजायच्या यंत्राआधी पाणी अडवणारी बाटली असते ना, ती एरवी आठवड्यातून एकदा रिकामी करतो. आता ती रोज भरते. हायड्रोजन जळतो आहे म्हटल्यावर पाणी येणारच, तेव्हा तेवढं तरी खरं आहे. माझ्या यंत्रांवरही मला संशय घेता येत नाही. रोज सकाळी इंजीन सुरू करण्याआधी मी सगळे दिवे बघते, आणि सगळे हिरवे असतात.

तरी मी तीन दिवस सही केली नाही. शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, संशय म्हणजे पुरावा नाही." आज सही केली. बचत सदतीस, नॉक्स मर्यादेच्या आत. रिपोर्ट तुला मिळेल. अभिनंदन म्हणायची पद्धत आहे, तेव्हा अभिनंदन.

संशय म्हणजे पुरावा नाही, हे वाक्य तू मला तुझ्या लग्नाच्या वेळीही ऐकवलं होतंस. त्या गोष्टीवर आपण कधी बोललो नाही, आज मी बोलते. तू म्हणालास, मुलगी पसंत केली आहे, ती हॉस्पिटलमध्ये लोकांची फुप्फुसं तपासते. मी गेले बघायला. खोकल्याचं निमित्त करून केसपेपर काढला, तिच्यासमोर बसले, ती म्हणेल तसं नळीत फुंकलं. रांगेतल्या म्हाताऱ्यांशी ती कशी बोलते ते पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला दोन प्रश्न विचारले. बरं, चार विचारले. भावाची काळजी असलेली कुठलीही बहीण हे करते, फक्त कोणी सांगत नाही. मला काय ठाऊक की त्याच रविवारी तू तिला घरी आणशील आणि ती मला उंबऱ्यातच ओळखेल. तुम्ही दोघांनी आईला तेवढं बरोबर नेऊन रजिस्टर लग्न केलंत, आणि मी ते आईच्या फोनवरच्या फोटोंत पाहिलं. एवढी शिक्षा झाली, मी चौकशी केली म्हणून. फसवणूक केली म्हणून नव्हे.

ताई


शुक्रवार, १५ डिसेंबर

भुंग्या,

आज आईचा फोन आला. तू तिच्या मागे उभा नव्हतास, हे मला लगेच कळलं, कारण तिने एकही वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही.

माझ्याकडे आलं त्याचंच दुसरं भावंड तू तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला बसवलं आहेस म्हणे, गिऱ्हाइकांना चालू स्थितीत दाखवायला. इमारतीला वीज फुकट, म्हणून सगळे खूश. आणि धुराडं कुठे, तर आईच्या खिडकीखाली. हे तू मला कळवलं नाहीस. माझ्या सहीची एवढी घाई कशासाठी होती, ते आता समजलं. ती सही दाखवूनच तू इमारतीची परवानगी काढलीस ना?

आई म्हणाली, "बाई गं, नुसतं पाणी येतं म्हणतो, मग माझा घसा का खवखवतो? इंजीन चालतं त्या दिवशी मी खिडकी लावूनच बसते." मी विचारलं, हे भुंग्याला सांगितलंस का. म्हणाली, "त्याचा चेहरा बघितलास का हल्ली? इतक्या वर्षांनी खुलला आहे. मी नाही सांगणार."

आणखी एक. तुझी बायको तिला रोज सकाळ-संध्याकाळ नळीत फुंकायला लावते. कशाला? आई काय तिचा प्रयोग आहे? की तिला आधीच काही माहीत आहे आणि ते ती लपवते आहे?

मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. तिथल्या इंजिनाची ठिणगी तीच आहे ना, जी मला दाखवलीस? की मला एक दाखवलंस आणि आईच्या खिडकीखाली दुसरंच ठेवलंस? मी विचारते आहे, आरोप करत नाही. आरोप करेन तेव्हा तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

फोन केला होता. तू उचलला नाहीस, म्हणून पत्र.

ताई


मंगळवार, १९ डिसेंबर

भुंग्या,

हे पत्र बस स्टँडवरच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर बाकाचा दोष.

नेणारा ट्रक न आल्यामुळे तुझं इंजीन अजून आमच्याकडेच होतं. आज सकाळी मी ते पुन्हा चालू केलं. कशासाठी ते सांगते. तुला पकडायला. माझी खात्री झाली होती की तू यात काहीतरी करून ठेवलं आहेस आणि ते माझ्या नजरेतून सुटलं आहे. मी इंजिनाभोवती फिरत होते, डबा उघडून बघत होते, वायर न वायर चाचपत होते. वाकताना तोल गेला आणि मी आधाराला हात टाकला तो धूर नेणाऱ्या नळीवर.

ही नळी तुला माहीत आहे. इंजिनाच्या धुराड्यातून थोडा धूर यंत्रापर्यंत नेते. ती आतून विजेवर तापवलेली असते, धुरातल्या वाफेचं वाटेत पाणी होऊ नये म्हणून. पाणी झालं की ते नॉक्सचा काही भाग गिळून टाकतं, आणि यंत्राला कमी नॉक्स दिसतो. त्या नळीच्या टोकाने मला पूर्वी चांगला चटका दिलेला आहे, मनगटावर डाग आहे. आज तिच्यावर पूर्ण पंजा टेकला आणि काहीच झालं नाही. थंडगार होती.

मी तिची वायर धरून मागे मागे गेले. कपाटाच्या मागे तिचा प्लग लोंबत होता, सुतळीने नीट गुंडाळून ठेवलेला. तिच्या सॉकेटमध्ये दुसराच प्लग होता. माझ्या अलार्मचा.

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, थेट भिंतीतला सॉकेट हवा. त्या बाजूला चांगला एकच आहे. नळीचं मी नंतर बघणार होतो, राहून गेलं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हात कोणी लावायला सांगितला होता." त्याचंही बरोबर आहे, मी तसंच म्हटलं असतं.

आणि तो हिरवा दिवा, जो मी रोज सकाळी बघत होते, तो अलार्मचाच. नळीच्या दिव्याच्या बरोबर वर त्याने तो बसवला होता. हिरवं दिसलं की मी पुढे जात होते.

आता लक्षात आलं का? साध्या गॅसची चाचणी झाली तेव्हा नळी गरम होती. हायड्रोजन आला तेव्हाच अलार्म आला, आणि अलार्म आला त्याच दिवशी नळी गार झाली. वर हायड्रोजनचं पाणी जास्त. बाटली रोज भरत होती आणि मी ते तुझ्या खरेपणाचं लक्षण धरत होते. तुझ्या पाइपांवर मी विश्वास ठेवला नाही, आणि त्यामुळे तुझं इंजीन आहे त्यापेक्षा सोज्वळ दिसलं. तू काहीच केलं नव्हतंस. ठिणगी तीच, गॅस तोच, इंजीन सांगितलंस तसंच. खोटं बोलली ती माझी नळी.

नळी तापवून पुन्हा मोजलं. नॉक्स मर्यादेच्या बाहेर, थोडाथोडका नाही.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "हे आणखी कोणाला कळलंय?" मी म्हटलं, "मला कळलंय." त्यांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि मग रिपोर्ट रद्द करायच्या कागदावर सही केली. दुपारी ठिणगी उशिरा लावून, हवा वाढवून मी आणखी एक चाचणी घेतली. त्याचे आकडे माझ्या पिशवीत आहेत.

इंजीन बंद कर. सकाळपासून तुझा फोन लागत नाही. आईचा बंद येतो, आणि तुझ्या बायकोचा नंबर माझ्याकडे नाही, कधी घेतलाच नाही. मी येते आहे. हे पत्र माझ्यानंतरच पोचेल हे कळतं मला. पण समोर आल्यावर हे सगळं तोंडातून निघेलच, असं मला स्वतःबद्दल सांगता येत नाही.

ताई


गुरुवार, २१ डिसेंबर
तुझ्या घरी, आईच्या खोलीत

भुंग्या,

तू नाहीस. माझा रिपोर्ट घेऊन गिऱ्हाइकांकडे गेला आहेस, शनिवारपर्यंत येणार नाहीस, असं कळलं. म्हणून इथेच टेबलावर बसून लिहिते. बाजूला आई झोपली आहे. श्वास मी ऐकते आहे, आज बरा आहे.

काल दार तुझ्या बायकोने उघडलं. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. मी दारातच इंजिनाबद्दल बोलायला सुरुवात केली, नमस्कारही नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या ताई, आत या. खोकला कसा आहे?"

आतून आईचं हसणं ऐकू आलं.

इंजीन बंदच होतं. चावी तुझ्या बायकोच्या पर्समध्ये. मी विचारलं, कोणी बंद करायला सांगितलं? ती म्हणाली, "कोणी नाही. मला संशय आला." आईला ती रोज फुंकायला लावत होती ते यासाठी. इंजीन चाललं की त्या नळीवरचा श्वासाचा जोर दाखवणारा काटा खाली, इंजीन बंद असलं की वर. तिने आधी नळी बदलून पाहिली. मग आईला दुसऱ्या खोलीत झोपवून पाहिलं. मग धूळ असेल म्हणून पडदे धुतले. सगळं करून झाल्यावर सोमवारी तिने इंजीन बंद केलं आणि चावी काढून घेतली. एवढी शंकेखोर बाई मी आरशाबाहेर पहिल्यांदाच पाहिली. आणि हिची चौकशी करायला मी गेले होते.

मी म्हटलं, "मग त्याला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. तो ऐकेचना," ती म्हणाली. "म्हणाला, त्या इंजिनावर ताईची सही आहे. ताई मला कधी सोडत नाही, तर माझ्या इंजिनाला काय सोडणार? तिने पास केलं म्हणजे ते पासच. म्हणून तर तिच्याकडे पाठवलं. काटा बिघडला असेल, ताई चुकणार नाही."

मी आईच्या पलंगावर बसले. तिसरं कारण मला सापडलं, भुंग्या, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मी तुझे सिलिंडर चोरून तपासत होते, तुझी ठिणगी दिवा धरून बघत होते, आणि तू इथे आईच्या काट्यापेक्षा माझी सही खरी मानून बसला होतास. मला रडू आलं. हे मीच लिहून टाकते, नाहीतर तुझी भावजय सांगेलच. बघ, भावजय माझी, बायको तुझी. इतकी वर्षं हा शब्द लिहिला नाही म्हणून हात चुकला.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकीने सही केली, एकीने चावी काढली, आणि मधे मी फुंकते आहे. तुम्ही दोघी आता एक झालात, म्हणजे त्या पोराचं काही खरं नाही."

आता कामाचं. टेबलावर नवा रिपोर्ट ठेवते आहे. ठिणगी उशिरा, हवा जास्त, नळी गरम. नॉक्स मर्यादेच्या आत, खरोखर आत. बचत साडेपस्तीस. सदतीस गेले. साध्या गॅसच्या चौतिसापेक्षा तरी हे जास्तच आहे, पण तू गिऱ्हाइकांना सदतीस सांगत फिरतो आहेस, आणि तो कागद माझ्या सहीचा आहे. संस्थेकडून रद्द झाल्याचं पत्र त्यांना जाईल, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर तुला सौदा उरकून घेता येईल. हे तुला सुचेल, कारण मला सुचलं.

तू काय करशील याची मला भीती वाटते. नाही वाटत असं लिहिणार होते, पण एक खोटा कागद पुरे झाला.

ताई


शुक्रवार, ५ जानेवारी

भुंग्या,

काल फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, चुकून लागला असेल, खिशातून. म्हणून मी आधी नुसती ऐकत राहिले. तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मागे इंजीन चालू होतं.

तू सांगितलंस की शनिवारी घरी येऊन पत्र वाचलंस आणि तिथूनच तिन्ही गिऱ्हाइकांना नवा आकडा कळवलास. दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्याने विचारलं, आधीचा आकडा चांगला होता, तो का सोडता? तू म्हणालास, "माझ्या बहिणीने पुन्हा मोजलं." तो म्हणाला, मग तिने मोजलेलंच दाखवा, आणि एक इंजीन घेतलं. तीन इंजिनांच्या जागी एक. त्याबद्दल मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि ते मी फोनवर म्हणाले नाही.

खरं सांगायचं तर हे सगळं मला आधीच माहीत होतं. तुझ्या बायकोने सांगितलं होतं. म्हणजे मी तिला फोन करून विचारलं होतं, भुंगा काय करतो आहे. तिचा नंबर आता माझ्याकडे आहे, तेव्हा जपून राहा.

मी विचारलं, "इंजीन चालू आहे?"

"चालू आहे."

"ठिणगी कितीवर लावलीस?"

तू सांगितलंस. मी सांगितली होती तीच.

"धुराडं?"

"वळवून गच्चीवर नेलं."

"आणि आईचा काटा?"

"वर आहे. सकाळीही वर होता."

"नक्की?"

तू हसलास. लहानपणी हसायचास तसाच, नाकातून. म्हणालास, "फौजदार, एवढी शंका येते तर ये आणि बघ की."

फौजदार म्हणालास. मॅडम नाही.

तेव्हा येते आहे, रविवारी. धूर मोजायचं छोटं यंत्र बरोबर आणते. त्याची नळी नीट तापते, मी हात लावून पाहिली आहे, बोटाला पट्टी आहे. आधी धुराड्यापाशी मोजेन, मग आईच्या खिडकीत. तुझ्या बायकोला तिची नळीही तयार ठेवायला सांग. आई फुंकेल, आणि मीही फुंकेन, या वेळी केसपेपर न काढता.

आशीर्वाद पहिल्या पत्रापासून राहिले आहेत. ते घे, दोघांनीही.

हे पत्र रजिस्टरने पाठवत नाही. टपालाचा मला भरवसा नाही, तुला माहीतच आहे. हातात आणून देते.

ताई